हायब्रिड गाडी : इंजिन एक, पण गारवा तीन ठिकाणी हवा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला ठरले होते. जळगाव जिल्ह्यातला मे म्हणजे पारा ४४-४५ च्या घरात. पहाटे निघायचे ठरवून प्रत्यक्षात घर सोडायला दहा वाजले. गाडी थोरल्या भावाने घेतलेली सेकंडहँड हायब्रिड. दादा चालवत होता, आई पुढे आणि मी मागे. माझ्या शेजारी बहिणीकडे पोचवायच्या गव्हाच्या दोन गोण्या, आणि सीट खराब होऊ नये म्हणून खाली अंथरलेली गोधडी.

चाळीसगाव मागे पडले आणि कन्नडचा घाट लागला. निम्मा घाट चढलो असू, गाडी ओढेना. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग मात्र कमी झाला. समोरच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना उमटली. मी म्हटले, "दादा, रेडिएटर तापलं. थांबव, पाणी घालू." पाण्याची बाटली घेऊन बॉनेट उघडायला उतरलोही. दादा म्हणाला, "अरे, इंजिनाचा दिवा लागलेलाच नाही. हे बॅटरीचं काहीतरी लिहून आलंय."

झाडाच्या सावलीला अर्धा तास थांबलो. गोण्या डिकीत टाकल्या आणि सावकाश घाट चढून गेलो. आईला दवाखान्यात वेळेवर पोचवले, हे नशीब. दुसऱ्या दिवशी गाडी हायब्रिडचे काम जाणणाऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने मागच्या सीटच्या कडेची प्लास्टिकची जाळी काढून दाखवली. आत धूळ आणि कापसाचे तंतू मिळून जाड थर बसला होता आणि वरून आमची गोधडी. बॅटरीला हवाच मिळत नव्हती. मग त्याने बॉनेट उघडले, एका छोट्या टाकीचे झाकण काढले आणि विचारले, "साहेब, याच्यात बोरचं पाणी कोणी घातलं?"

ते मीच घातले होते. दोन महिन्यांपूर्वी पातळी कमी दिसली म्हणून, ट्रॅक्टरला घालतो तसे. दुसऱ्याला पाणी परीक्षण करून घ्या म्हणून सांगणारा मी, स्वतःच्या घरच्या गाडीत मात्र न तपासलेले बोरचे पाणी ओतून मोकळा झालो होतो.

आमचे काम बॅटरीचा पंखा साफ करणे आणि कूलंट बदलणे एवढ्यावर निभावले. पण हीच चूक गावोगाव होत असणार, असे वाटते. म्हणून हा लेख.

गावात हायब्रिड आली

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर असे दोन्ही असलेली गाडी. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली, तेव्हापासून या गाड्यांचा प्रसार सुरू झाला. आपल्याकडे २०२२ साली मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस या गाड्या आल्या आणि हायब्रिड हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. आता सरपंचांच्या दारात, बागायतदाराच्या वाड्यात आणि भाड्याच्या धंद्यातही या गाड्या दिसतात.

पुढची माहिती ज्यांना 'स्ट्राँग हायब्रिड' म्हणतात त्या गाड्यांविषयी आहे. म्हणजे ज्या काही अंतर नुसत्या विजेवरही चालतात. 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रिडमध्ये बॅटरी लहान असते आणि तिची रचना बरीच साधी असते.

या गाड्यांचा पेट्रोल खर्च कमी आहे, हे खरे. पण आपण त्यांना जीप आणि ट्रॅक्टरच्या सवयीने वागवतो. त्या गाड्यांत तापणारी मुख्य वस्तू एकच, ती म्हणजे इंजिन. हायब्रिडमध्ये तापणाऱ्या वस्तू तीन आहेत : इंजिन, वीज हाताळणारा इन्व्हर्टर व मोटर, आणि बॅटरी. प्रत्येकीला गार ठेवण्याची सोय वेगळी, आणि आपल्या जुन्या सवयी नेमक्या या तिन्हींच्या आड येतात.

पहिला गारवा : इंजिनाचे पाणी

हा भाग आपल्या ओळखीचा आहे. पंप इंजिनाभोवती कूलंट फिरवतो, ते तापून रेडिएटरमध्ये येते, पंखा आणि समोरची हवा त्याला थंड करते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिटीसारखे काम करते. दाब वाढवून धरल्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटला की उकळते पाणी अंगावर येते.

मात्र दोन फरक लक्षात घ्यावेत. बऱ्याच हायब्रिडमध्ये पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही, तो विजेवर चालतो. त्यामुळे पट्टा सैल झाला, कुरकुरला, तुटला अशी आधी मिळणारी खूण इथे मिळत नाही. दुसरे, काही गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. काटा हळूहळू चढताना दिसतो. दिवा लागतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो.

आता पाण्याविषयी. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे ठिबकच्या नळ्या आणि घरातला गिझर सांगतोच. ड्रिपरचे तोंड बंद करणारा तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. ठिबकला आपण आम्ल सोडून साफ करतो, रेडिएटरला तसे करता येत नाही. ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

कूलंट म्हणजे नुसते रंगीत पाणी नव्हे. त्यात साधारण निम्मे इथिलीन ग्लायकॉल असते, त्याने उकळण्याचा अंश वाढतो, आणि गंज रोखणारी द्रव्ये असतात. बाजारात दोन प्रकार मिळतात. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. घट्ट कूलंट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. जास्त घट्ट घातले म्हणजे गाडी जास्त थंड राहील, हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. खताचे तसेच याचे, मात्रा चुकली की फायद्याऐवजी तोटा.

रंगावरही भरवसा ठेवू नये. गुलाबी, हिरवा, निळा हे रंग कंपनीने दिलेले असतात, त्याला एकच ठरलेला नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत कूलंटचा जो प्रकार लिहिला असेल तोच वापरावा.

दुसरा गारवा : इन्व्हर्टरचे वेगळे पाणी

लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टर आता घरोघर माहीत आहे. भार वाढला की तो तापतो आणि त्याचा पंखा घुरघुरतो. गाडीतला इन्व्हर्टर काम तेच करतो, पण फार मोठ्या प्रमाणावर. बॅटरीतली डीसी वीज थ्री फेज करून तो मोटरला देतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये सुमारे २०१ व्होल्टची बॅटरी होती आणि ती वीज वाढवून ५०० व्होल्टपर्यंत नेली जात असे. म्हणजे आपल्या विहिरीवरच्या थ्री फेजपेक्षाही जास्त.

एक हिशेब करून पाहू. समजा घाट चढताना इन्व्हर्टरमधून ४० किलोवॅट वीज जाते आणि तिच्यातली शंभराला चार या प्रमाणात उष्णतेत वाया जाते. ती झाली १,६०० वॅट. बादलीत पाणी तापवायचा हीटर रॉड साधारण तेवढाच असतो. असा रॉड एखाद्या लहान पेटीत सतत चालू आहे असे समजा. तिथली उष्णता काढून नेली नाही तर आतले इलेक्ट्रॉनिक भाग करपणारच.

मग इंजिनाचेच पाणी इन्व्हर्टरला का फिरवत नाहीत? कारण इंजिनाला ८५ ते ९५ अंशांची ऊब मानवते, इतके गरम पाणी इन्व्हर्टरच्या कामाचे नाही. त्याचे पाणी साधारण ६५-७० अंशांच्या आत राहावे लागते. म्हणून त्याची टाकी वेगळी, पंप वेगळा आणि रेडिएटरचा भागही वेगळा. एका बांधावर दोन विहिरी असाव्यात तसे हे आहे. एकीत पाणी भरपूर आहे म्हणून दुसरीवरचा पंप चालत नाही. एक टाकी भरलेली दिसली की निर्धास्त होऊ नये, दोन्ही पाहाव्यात.

सबमर्सिबल मोटर कशी जळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिच्या अंगावरून पाणी वाहते तोवर ती गार राहते. पाणी उतरले आणि मोटर कोरडी चालली की वाइंडिंग गेले. सौर पंपाच्या कंट्रोलरलाही मागे जाळीदार पाती असतात आणि तो सावलीत लावायला सांगतात. कारण एकच, विजेच्या यंत्राचा पहिला शत्रू उष्णता.

ही भीती पोकळ नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सहा लाखांहून अधिक हायब्रिड गाड्या विजेवरच्या पाण्याच्या पंपातील दोषासाठी परत बोलावल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या. तिथे संगणकाच्या आज्ञावलीमुळे इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर प्रमाणाबाहेर तापण्याची शक्यता होती. असे झाले तर गाडी कमी ताकदीवर येऊ शकत होती किंवा थांबूही शकत होती. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही उष्णतेपुढे माघार घ्यावी लागली, तिथे आपण बोअरचे पाणी घालून चालणार नाही.

या पाण्याची पातळी महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना पाहावी. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असावी. काही गाड्यांत गाडी 'रेडी' असताना या टाकीतले पाणी हलताना दिसते. ते हलत असेल तर पंप चालू आहे असे समजावे. मात्र प्रत्येक गाडीत हे दिसतेच असे नाही. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधावी, नुसती भर घालत बसू नये.

हे कूलंट बदलण्याचे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे. डिझेल इंजिन हवा धरते आणि एअर काढल्याशिवाय चालत नाही, तसेच इथे होते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पंप फिरतो, पण पाणी पुढे सरकत नाही.

तिसरा गारवा : बॅटरीची हवा

ही बॅटरी आपल्या नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीहून वेगळी. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे नसते. अनेक हायब्रिडमध्ये ती मागच्या सीटखाली किंवा डिकीत असते आणि गाडीतल्या हवेवर थंड होते. एक छोटा पंखा सीटजवळच्या जाळीतून हवा ओढून बॅटरीवरून फिरवतो. म्हणजे एसीचा गारवा फक्त आपल्यासाठी नाही, बॅटरीसाठीही आहे. माणसाला सोसवते ती हवा तिलाही सोसवते, असे मोटामोटी समजावे.

त्या जाळीपुढे आपण काय ठेवतो? खताची गोणी, ढेपेचे पोते, लग्नाच्या आहेराची पिशवी, लेकराच्या गोधड्या. जाळी झाकली की हवा थांबते. मग गाडीचा संगणक बॅटरी वाचवण्यासाठी मोटरची मदत कमी करतो, आणि नेमकी घाटात गाडी ओढेनाशी होते. आमचे तेच झाले. एकदा झाले तर गाडी सावरते. पण रोजच तापत राहिली तर बॅटरीचे आयुष्य घटते, आणि ती बदलायची वेळ आली तर खर्च चांगल्या बैलजोडीच्या घरात जाऊ शकतो.

म्हणून जाळी कुठे आहे ते आजच पुस्तिका पाहून शोधावे आणि घरातल्या सर्वांना दाखवून ठेवावे. जाळीमागे फिल्टर असेल तर तो पुस्तिकेप्रमाणे काढून झटकावा किंवा व्हॅक्यूमने साफ करावा. पाण्याचा फवारा त्या जागी कधीही मारू नये. धान्याची साठवण जवळ असेल तर उंदरांकडे लक्ष असावे. ते या वाटेत घरटे करतात आणि वायरीही कुरतडतात.

एक कडक सूचना. नारिंगी रंगाची वायर दिसली की हात मागे घ्यावा. ती उच्च दाबाची असते. बॅटरीचे किंवा इन्व्हर्टरचे झाकण घरी उघडू नये. गाडी बंद केली तरी आत वीज साठून राहू शकते.

फवारणीच्या पंपाने गाडी धुऊ नये

गावात एचटीपी पंप असला की त्याच पंपाने गाडी धुतली जाते. चिखल झटकन निघतो, हे खरे. पण रेडिएटरची पाती फार नाजूक असतात. जोराच्या धारेने ती वाकतात आणि हवेची वाट कायमची बुजते. बॉनेटच्या आत तर ही धार मारूच नये.

सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट, कापसाचे तंतू आणि पावसाळ्यातले किडे एसीच्या कंडेन्सरमध्ये आणि त्यामागच्या रेडिएटरमध्ये अडकतात. गाडी बंद व थंड असताना मऊ ब्रशने आणि नळाच्या साध्या धारेने ते काढावे. शक्य तिथे आतल्या बाजूने बाहेर धार सोडावी, म्हणजे कचरा आल्या वाटेने निघतो. मळणी यंत्र चालू असताना गाडी त्याच्या वाऱ्याखाली उभी करू नये.

हंगामाप्रमाणे काळजी

फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळा तापण्याआधी, दोन्ही टाक्यांची पातळी, बॅटरीची जाळी आणि पंखे तपासून घ्यावेत. एप्रिल-मेमध्ये गाडी सावलीत लावावी. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते. निघताना दोन मिनिटे काचा खाली कराव्यात, गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी लावावा. भरलेली गाडी घेऊन भर दुपारी घाट चढणे टाळावे. पावसाळ्यात समोरच्या जाळीत अडकलेले किडे व चिखल काढावा. काढणी-मळणीच्या दिवसांत रेडिएटर आणि बॅटरीची जाळी दर पंधरा दिवसांनी पाहावी.

वाटेत गाडी तापली तर

लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर गाडी बाजूला घ्यावी. एसी बंद करावा, 'पी'मध्ये टाकून हँडब्रेक लावावा आणि बटण दाबून गाडी पूर्ण बंद करावी. 'रेडी' हा शब्द विझला पाहिजे. हायब्रिडचा आवाज नसला तरी ती चालू असू शकते आणि इंजिन अचानक सुरू होऊ शकते. वाफ थांबेपर्यंत बॉनेट उघडू नये. पंखा आपोआप फिरू शकतो, म्हणून उपरणे, पदर आणि बोटे लांब ठेवावीत.

पुरेसे गार झाल्यावर पातळी पाहावी. कूलंट जवळ नसेल तर अडचणीपुरते स्वच्छ पाणी घालता येते, पण नंतर वर्कशॉपमध्ये ते लगेच बदलून घ्यावे. पातळी बरोबर असून गाडी तापत असेल तर पंप किंवा पंख्याचा दोष संभवतो. तेव्हा गाडी पुढे रेटू नये.

आणि सर्वात महत्त्वाचे, ट्रॅक्टरला दोर बांधून ती ओढत आणू नये. बहुतेक हायब्रिडची पुढची चाके मोटरशी जोडलेली असतात. चाके फिरली की मोटर फिरते, वीज तयार होते आणि भाग जळू शकतात. पुढची चाके उचलून किंवा गाडी पूर्ण वर चढवूनच आणावी.

विष आहे, विसरू नका

इथिलीन ग्लायकॉल गोड लागते, पण ते विष आहे. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात राहिले तर कुत्रे, मांजर, वासरू त्याला तोंड लावते आणि थोड्या प्रमाणानेही दगावू शकते. ते गोठ्याजवळ, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर्कशॉपला परत द्यावे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर चुकूनही भरू नये. घरात लेकरे असतात.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी नुसता रंग आणि किलोमीटर पाहू नयेत. दोन्ही टाक्यांचे झाकण गाडी थंड असताना उघडून पाहावे. पाणी गढूळ, तांबूस किंवा पांढुरके असेल तर सावध व्हावे. सर्व्हिसची नोंद मागावी आणि बॅटरीची जाळी स्वतः वाकून पाहावी. बैल घेताना आपण दात पाहतोच ना?

आमच्या घरी आता मागच्या सीटच्या जाळीवर कोणी पिशवीसुद्धा ठेवत नाही. आईचा डोळा छान झाला आहे. परवा दादाने घाईत भाजीची पिशवी मागे टाकली, तर तिनेच हटकले, "अरे, तिथं नको. गाडीचा श्वास कोंडतो." मी दोन पाने लिहून जे सांगितले, ते तिने तीन शब्दांत सांगितले.